न दुखणारी जागा

त्या वर्षी विहिरीने उन्हाळा लागायच्या आधीच तळ दाखवला. टोमॅटोची रोपं पानं गुंडाळून उभ्या उभ्या वाळली आणि शेतातलं काम संपलं. घरातलं मात्र संपलं नाही. घरात सासूबाई होत्या, त्यांची साखर होती, आणि त्या साखरेला पाऊसपाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात, सुई टळत नव्हती.

धाकटी उठली की पहिलं काम माठाचं. वीज दिवसातून चार तास यायची, तीही स्वतःच्या मर्जीने, त्यामुळे फ्रिजचा भरवसा नव्हता. म्हणून इन्सुलिनची बाटली एका लहान मडक्यात, ते मडकं वाळूने भरलेल्या माठात, आणि वाळू कायम ओली. माणसांना अंघोळीला पाणी कमी पडलं तरी चालेल, वाळू कोरडी पडता कामा नये.

"या घरात त्या बाटलीइतकी अंघोळ कुणालाच नाही," असं तिचा नवरा म्हणायचा. तो गवंडी होता. शेत आटल्यापासून रोज कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर असायचा.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. थोरली नवऱ्याबरोबर शहरात राहायची आणि सासूची सगळी सेवा फोनवरून करायची. "आईंना कडू रस देत जा, सकाळी अनवाणी चालवत जा," असं ती अगदी मनापासून सांगायची. अनवाणी चालवत जा! सासूबाईंच्या चपलेत खिळा निघाला होता आणि तो त्यांना दिवसभर कळलाच नव्हता. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा तो रक्ताने भिजलेला होता. त्या दिवसापासून उजव्या पायाचा अंगठा आठ महिने चिघळत होता. धाकटी रोज तो धुवायची, पुसायची, बोटांच्या बेचक्यात आरसा धरून बघायची, पट्टी बांधायची. थोरलीला मात्र ती "हो ताई, चालवते" एवढंच म्हणायची.

पट्टी झाली की सुई. धाकटी बाटली दोन्ही तळव्यांत घेऊन हळूहळू घोळवायची, गढूळ औषध सारखं होईपर्यंत. मग सुईत भरून उजेडाकडे धरायची. अठ्ठावीस. वर्षापूर्वी सोळा युनिट होतं. साखर उतरत नव्हती म्हणून दवाखान्यात दर खेपेला दोन-चारने वाढवत अठ्ठावीसवर आलं होतं.

"तिथेच टोच हं," सासूबाई कपडे सावरत म्हणायच्या.

"तिथेच टोचते, आई."

तिथेच म्हणजे बेंबीच्या डावीकडे, चार बोटांवर. सुरुवातीला सिस्टरने शिकवलं होतं, की रोज जागा बदलायची. धाकटीने आठ दिवस बदलली. आठही दिवस सासूबाईंनी असा आरडाओरडा केला, की गल्लीतली माणसं दारात यायची आणि धाकटीला मान वर करायची सोय राहायची नाही. सून सासूला टोचते आहे, यावर दात काढायला लोकांना निमित्तच हवं असतं. नवव्या दिवशी डावीकडची ती जागा सापडली. सासूबाई म्हणाल्या, "टोचलंस? कळलंच नाही गं!" त्या दिवशी धाकटीला रडूच आलं. तेव्हापासून सुई तिथेच. वर्षभरात तिथे लिंबाएवढी टणक गाठ आली होती. धाकटीला वाटायचं, हाताला जसा घट्टा पडतो तसाच हा पोटाला पडला असेल.

गल्लीत तिचं नाव झालं. शेजारचा शिंपी सगळ्यांना सांगायचा, "चाळीस वर्षं सुई चालवतोय, पण असा हलका हात माझाही नाही."

सासूबाईंची ख्याती जिभेबद्दल होती. मूलबाळ नाही यावरून त्या सुनेला दिवसाआड ऐकवायच्या. पण सुईच्या वेळी त्यांचा आवाज उतरायचा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, धाकटी त्यांची लाडकी असायची. ती दहा मिनिटं तिला खरंच आवडायची, हे खोटं कशाला बोला.

मंगळवारी उपकेंद्राची सिस्टर फॉर्म घेऊन आली.

"मोठ्या दवाखान्यात मदतनीस घेतायत. सहा महिने तिथेच राहून शिकायचं, मग नोकरी. मी तुझं नाव दिलंय. शनिवारी कागद दाखवायचे, सोमवारी दहाला हजर व्हायचं. नाही गेलीस तर पुढचीला बोलावतील."

धाकटीने फॉर्म दोन्ही हातांनी धरला. दहावीनंतर तिच्या नावाचा एकही कागद घरात आला नव्हता. जमिनीचा कागद सासऱ्यांच्या नावाचा, विजेचा नवऱ्याच्या, दवाखान्याचे सगळे सासूबाईंच्या. हा तिच्या एकटीच्या नावाचा होता. तिला इतका आनंद झाला की सिस्टरला चहा विचारायचंही राहून गेलं.

"आणि माझं काय?" खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा मुलगा आहे ना," सिस्टर म्हणाली. "विटा लावतो, सुई नाही लावणार?"

गवंड्याला सुईची भीती वाटायची. दोन मजली उंचीवर एका फळीवर उभा राहणारा माणूस सुई बघितली की कोपऱ्यात बघायचा. पण विहिरीचा तळ त्यानेही बघितला होता, आणि बायकोचा चेहराही बघितला होता. "शिकव मला," तो म्हणाला.

बुधवारपासून शिकवणी लागली. गिलावा गुळगुळीत करायचा स्पंज त्याच्याकडे होताच. तो ओला करून पाटावर ठेवायचा आणि सुईत साधं पाणी भरून टोचायचं. त्याच्या बोटांची कातडी सिमेंटने खाल्लेली होती. सुईचं टोपण काढताना त्याला ते हाताला लागायचंच नाही. पहिल्या दिवशी त्याने स्पंजाऐवजी स्वतःचा अंगठा टोचला.

"अहो, भिंत नाहीये ती. दाबू नका. सरळ धरा, टोचा, औषध सोडा, दहा आकडे मोजा, मग काढा."

"दहा कशाला?"

"औषध बाहेर येतं नाहीतर."

"बघ बाई, सून मास्तरीण झालीये," सासूबाई शिंप्याच्या बायकोला म्हणाल्या. पण त्यांचे डोळे हसत नव्हते. शुक्रवारी दुपारी पट्टी बांधताना त्यांनी धाकटीचं मनगट धरलं. "सहा महिने म्हणजे किती ते कळतं का तुला? मी तेवढी टिकते का बघ."

"टिकाल हो, आई."

"माझ्या पोराचा हात रेड्यासारखा आहे."

धाकटीने पट्टीचं टोक खोचलं. तिला फक्त जायचं होतं. ते इतकं उघडं मनात होतं की तिची तिलाच लाज वाटली.

शनिवारी सव्वासातला तिने निघायच्या आधी सुई स्वतःच्या हाताने भरून ठेवली. बरोबर अठ्ठावीस. "आकड्याची चिंता नको तुम्हाला. बेंबीच्या डावीकडे, चार बोटांवर. मग पंधरा-वीस मिनिटांनी जेवू घाला आणि कामावर जा," असं तिने नवऱ्याला तीनदा सांगितलं. तो पोरासारखा मान हलवत होता.

पावणेआठची बस वळणावर हॉर्न वाजवत आली. तिला खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना करपलेली शेतं होती, तरी तिला ते सगळं बघायला छान वाटलं.

मोठ्या दवाखान्यात कागद दहा मिनिटांत झाले. नव्या पाच बायकांना घेऊन वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर फेरीला निघाल्या. करडा आवाज, कानावर पांढरे केस. एका बाईच्या खाटेपाशी त्या थांबल्या.

"या साखरेच्या पेशंट. महिन्यात दोनदा बेशुद्ध होऊन आल्या. कारण इथे आहे." त्यांनी धाकटीचा हात धरून त्या बाईच्या पोटावर ठेवला. "काय लागतंय?"

धाकटीच्या बोटांना ती गाठ ओळखीची होती. तेवढीच. तशीच टणक.

"घट्टा आहे," ती म्हणाली.

"घट्टा नाही. एकाच जागी टोचून टोचून झालेली चरबीची गाठ आहे. हिच्यात नसा मेलेल्या असतात, म्हणून दुखत नाही. पेशंट म्हणतो तिथेच टोचा, आणि घरची माणसं मायेपोटी तिथेच टोचतात. औषध या गाठीत पडून राहतं, अंगात जातच नाही नीट. साखर उतरत नाही. मग आम्ही शहाणे डोस वाढवतो." मोठ्या सिस्टरनी बाईचे कपडे नीट केले. "आणि एक दिवस दुसरं कुणीतरी चांगल्या जागी तेवढाच डोस टोचतं. सगळा एकदम अंगात जातो. साखर धाडकन खाली. माणूस जातो सुद्धा."

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. साडेदहा वाजून गेले होते.

नाही, त्यांनी तिथेच टोचलं असेल, तीनदा सांगितलंय, असं ती मनाशी म्हणत होती, तोवर पाय बाहेर पोचले होते. नवऱ्याचा फोन वाजत राहिला. तो फळीवर असला की फोन खाली पिशवीत असे. मग तिने शिंप्याला लावला.

"काका, आमच्या घरात जा. आत्ता. आई कशा आहेत बघा आणि मला सांगा."

"अगं, झोपल्या असतील..."

"काका, जा ना!"

फोनवर मशीन थांबल्याचा आवाज आला, चपला ओढल्याचा आला, दार ढकलल्याचा आला. मग शिंप्याचा आवाज बदलला. "घामाने निथळतायत गं. उशी ओली आहे. काहीतरी बडबडतायत, मला भाऊजी म्हणतायत."

"गिळता येतंय का बघा. येत असेल तर साखरेचं पाणी पाजा, चार चमचे साखर. नसेल येत तर तोंडात काही घालू नका. आणि काकूंना सिस्टरकडे पळवा."

त्या दवाखान्याच्या पायरीवर ती अर्धा तास फोन कानाशी धरून बसली. पलीकडून माणसांचे आवाज यायचे, भांडी पडायची, मग सिस्टरचा आवाज आला, शिरेतून साखर दिल्याचं कळलं. शेवटी सासूबाईंचाच आवाज आला. त्या कुणालातरी शिव्या देत होत्या. तेव्हा धाकटीने डोळे मिटले.

घरी पोचली तर अंगणात निम्मी गल्ली जमलेली. गवंडी पायरीवर बसला होता, अंगावर सिमेंट तसंच, आणि जो तो त्याच्या डोक्यावरून बोलत होता.

"जास्त भरलीस का रे सुई?"

"अरे, आई होती ती, खांब नव्हता."

मग धाकटीला बघून सगळे बाजूला झाले आणि शिंपी पुढे आला. "हिला तिथे बसून कळलं बघा! इतक्या लांबून! याला म्हणायची माया. जा म्हणाली, आत्ता जा म्हणाली. दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." शिंप्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. सासूबाईंनी आतून हाक मारली. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. त्यांनी सगळ्यांदेखत सुनेचा हात आपल्या गालावर धरला.

"या हाताशिवाय मला कुणाची सुई नको. ऐकलं का सगळ्यांनी?"

ऐकलं सगळ्यांनी. धाकटीने मात्र दाराबाहेर बघितलं. नवरा मान वर करत नव्हता, आणि अठ्ठावीस तिने स्वतः भरले होते.

रविवारी सकाळी तो अंगणात थापी घासत बसला होता. थापी केव्हाच स्वच्छ झाली होती.

"अहो, कुठे टोचलंत?" तिने शेजारी बसत विचारलं.

"झालं ना आता. मी परत हात लावणार नाही."

"कुठे टोचलंत ते सांगा."

"तू सांगितलंस तिथेच टोचणार होतो. हात लावून बघितला, तर टणक लागलं. जुना गिलावा फुगतो ना, तसं. तसल्या गिलाव्यात खिळा धरत नाही. म्हणून उजवीकडे चांगली मऊ जागा बघितली." त्याने थापी खाली ठेवली. "तिथे चुकलो."

"तिथे बरोबर होतात. चूक माझी आहे. वर्षभराची."

तिने सगळं सांगितलं. गाठ, मेलेल्या नसा, पडून राहणारं औषध. तो ऐकता ऐकता हळूहळू ताठ बसला. आधी त्याचा चेहरा सुटला, अंगावरचं ओझं कुणी उतरवावं तसा. ते बघून तिलाही बरं वाटलं. मग तो चेहरा पुन्हा आवळला.

"म्हणजे वर्षभर औषध अंगात जातच नव्हतं?"

"थोडं जात होतं."

"म्हणून अंगठा भरत नाहीये?"

हे तिच्या मनात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि तिने ते येऊ दिलं नव्हतं. रोज आरसा धरला, रोज पट्टी बदलली, आणि पोटावरची गाठ रोज बोटांखाली होती.

"असेल," ती म्हणाली.

तो उठून विहिरीकडे गेला. बराच वेळ काठावर उभा होता. परत आला तेव्हा म्हणाला, "लोकांना काही सांगू नकोस. काय म्हणायचं ते मला म्हणू देत."

"लोकांना नाही सांगितलं तरी सिस्टरला सांगावंच लागेल."

संध्याकाळी सिस्टरने सासूबाईंचं पोट दाबून बघितलं. "दर आठवड्याला येते मी," ती म्हणाली. "आकडे बघते, पाय बघते. पोट कधी बघितलं नाही. चूक एकट्या तुझी नाही."

धाकटीला वाटलं, आता सुटले. खरं बोलले, नवऱ्याचा हात निर्दोष ठरला, डोस कमी होईल, तो टोचेल, आणि उद्या पावणेआठची बस आहे. पिशवी अजून भरलेलीच होती.

सिस्टरने कागदावर नवा आकडा लिहिला. अठरा. "डॉक्टरांशी बोलले मी. कालपासून थांबवलेली सुई उद्या सकाळपासून या आकड्याने सुरू. आता त्या गाठीला हात लावायचा नाही. रोज नवी जागा. पण कुठल्या जागेतून किती लागू पडेल ते सांगता येत नाही. दिवसातून चार वेळा साखर तपासायची, लिहायची, वरखाली झाली की मला फोन. निदान महिनाभर. हे तूच करायचं. काल जे झालं त्यानंतर नवशिक्याच्या हातात मी देणार नाही."

"आणि उद्या?"

सिस्टरने पेनाचं टोपण लावलं. "पुढची बाई उभीच असते गं. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ कधी?"

"ते मला कुणी सांगत नाही."

गप्प बसली असती तर मायेने बांधली गेली असती. खरं बोलली तर चुकीने बांधली गेली. दोर तोच, खुंटी तेवढी बदलली. रात्री तिने पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकले.

सोमवारी गवंडी सातलाच कामावर गेला. जाताना तो दारात घुटमळला, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण फक्त "येतो" म्हणाला.

साडेसातला पट्टी झाली. मग धाकटीने बाटली तळव्यांत घोळवली, उजेडाकडे धरून अठरावर सुई भरली.

"तिथेच टोच हं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई. आज उजवीकडे, खाली."

"तिथे दुखतं."

"दुखेल."

सुई गेली आणि सासूबाई ओरडल्या. धाकटीच्या हाताखाली, वर्षभरात पहिल्यांदा. समोरच्या घराची खिडकी उघडली. "मेले गं! काय झालं तुझ्या हाताला? परवापर्यंत कळत सुद्धा नव्हतं!"

"कळत नव्हतं तेच वाईट होतं. चपलेतला खिळा तरी कुठे कळला होता?" ती मोजत होती. सात, आठ, नऊ, दहा. सुई काढली. बारीकसा रक्ताचा ठिपका आला, तो तिने कापसाने दाबला.

वळणावर हॉर्न वाजला. दोघींनी तो ऐकला. बस थांबली, जरा वेळ इंजिन घरघरत राहिलं, मग गिअर पडला आणि आवाज लांब गेला.

"बस गेली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"गेली."

"तू नाही गेलीस ते बरं झालं बाई."

धाकटी अशा वेळी "हो आई" म्हणायची. चार वर्षं म्हणत आली होती. आज तिच्या तोंडून ते निघालं नाही.

"बरं नाही झालं, आई. मला जायचं होतं. खूप जायचं होतं."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी खरमरीत येणार म्हणून धाकटीने पाठ ताठ केली. पण म्हातारीने कपडे सावरले, पट्टी बांधलेला पाय उचलून खाटेवर घेतला, आणि टोचलेल्या जागेवरून हात फिरवत बसली.

"अजून चुरचुरतंय," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "संध्याकाळी त्याला टोचू दे. तू शेजारी उभी राहा, आकडा बघ, हवं तर त्याचा हात धर. पण सुई त्याच्या हातात दे. ओरडायचं ते मी ओरडून घेईन."

"सिस्टर नको म्हणाल्यात."

"तिच्या पोटात टोचायचं आहे का?"

धाकटीला हसू आलं नाही, पण यायच्या बेतात होतं. तिने सुई मोडून बरणीत टाकली आणि वहीत वेळ लिहिली. नव्या सुयांच्या डब्यात तळाशी शनिवारी मिळालेली फॉर्मची नक्कल होती, तिच्या नावाची. ती तिने बाहेर काढली नाही, फाडलीही नाही. उरलेल्या सुया वर नीट रचल्या आणि झाकण लावलं. मग तांब्या घेऊन माठाकडे गेली, कारण वाळू कडेने पांढरी पडायला लागली होती.